फलाट क्रमांक दोन

मुंबईच्या लोकल गाड्यांविषयीची कोणतीही मराठी बातमी उघडली, की ‘फलाट क्रमांक’ ही जोडी हमखास भेटते. दोन्ही शब्द घडवलेले आहेत, पण एका हाताने नव्हे. ‘फलाट’ हा इंग्रजी ‘प्लॅटफॉर्म’. हमालांनी आणि प्रवाशांनी त्यातला जिभेला झेपेल तेवढा भाग ठेवला, उरलेला रुळांत टाकून दिला. ‘क्रमांक’ मात्र शिकलेल्या माणसाने टेबलाशी बसून केलेला समास आहे. ‘नंबर’ला हटवायचे या हेतूने तो व्यवहारात रुजवला गेला. एकाला वंशावळ नाही, दुसऱ्याला थेट संस्कृतपर्यंत पोचणारी आहे. तरी दादरच्या गर्दीत दोघे एकमेकांना चिकटून उभे असतात आणि कोणालाही त्यात काही विचित्र वाटत नाही.

मराठीत शब्द घडवण्याच्या कलेची आज काय अवस्था आहे, हे पाहायचे तर ही जोडी सोयीची आहे. या कलेवर आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा दोनच सुरांत. मराठी भाषा दिन आला की सावरकरांनी दिलेल्या शब्दांची यादी अभिमानाने फिरते आणि सरकारी पत्र हातात पडले की ‘हे कोणते मराठी?’ म्हणून कपाळावर हात जातो. अभिमान आणि वैताग यांच्या मध्ये कारागिरीची चर्चा होतच नाही. शब्द कोणत्या धातूपासून काढला, त्याला कोणता प्रत्यय लावला, तो कुठे वापरायला ठेवला आणि कुठे पडला, हे कोणी विचारत नाही.

युरोपात, विशेषतः जर्मानिक भाषांच्या घराण्यात, या प्रश्नांवर शंभर-दीडशे वर्षे हौसेने आणि कधी कधी वेडाने काम झाले आहे. इंग्लंडातल्या डॉर्सेट परगण्यातले पाद्री आणि कवी विल्यम बार्न्स (१८०१–१८८६) यांना इंग्रजीत घुसलेले लॅटिन-ग्रीक शब्द खुपत. १८७८ साली त्यांनी इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि व्याकरणाला ‘ग्रामर’ न म्हणता ‘स्पीचक्राफ्ट’ म्हटले. फोटोग्राफला त्यांनी ‘सनप्रिंट’ सुचवला, ऑम्निबसला ‘फोकवेन’, म्हणजे लोकांची गाडी. पुढे १९८९ साली अमेरिकी विज्ञानकथाकार पोल अँडरसन यांनी हाच खेळ टोकाला नेला. ‘अन्क्लेफ्टिश बिहोल्डिंग’ या लेखात त्यांनी अणुसिद्धान्त समजावून दिला, तो जवळजवळ सगळा इंग्रजीच्या जर्मानिक मुळांच्या शब्दांत. अणू म्हणजे ‘अन्क्लेफ्ट’, न चिरलेला. हायड्रोजन म्हणजे ‘वॉटरस्टफ’. इलेक्ट्रॉन या ग्रीक शब्दाच्या पोटात अंबर हा राळेचा खडा आहे. म्हणून जर्मनमधला अंबराचा शब्द उचलून त्यांनी ‘बर्नस्टोनबिट’ केला. हा लेख थट्टेने लिहिलेला आहे, पण थट्टा नेमकी कळते. आजही इंग्रजीतले हौशी लोक या पद्धतीने शब्द घडवतात आणि त्या कल्पित भाषेला ‘अँग्लिश’ म्हणतात.

याच्याही पलीकडे गेलेले आहेत. एलायस मोली या नॉर्वेजियन वंशाच्या अमेरिकी गृहस्थाने १९०२ मध्ये सगळ्या जर्मानिक लोकांसाठी ‘ट्यूटोनिश’ नावाची भाषाच मांडली. १९९५ पासून ‘फोकस्प्राक’ नावाचा असाच एक उद्योग चालू आहे. इंग्रजी, जर्मन, डच आणि स्कँडिनेव्हियन भाषांत जे शब्द सख्खे भाऊ आहेत ते शोधायचे, त्यांच्यातला सरासरी चेहरा काढायचा, तो नवा शब्द. कोणाचा चेहरा किती घ्यायचा यावर एकमत न झाल्याने एका भाषेच्या अनेक बोली झाल्या. सगळ्यांना जोडणारी भाषा करायला बसावे आणि बोलणारे मिळण्याआधी बोलीभेद मिळावेत, हे साहित्य संमेलने पाहिलेल्या मराठी वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही.

बार्न्स आणि सावरकर यांना एका पंक्तीत बसवण्याचा मोह इथे होतो. दोघेही शुद्धिवादी, दोघेही कवी. पण बारकाईने पाहिले तर दोघे विरुद्ध दिशांना चाललेले दिसतात. बार्न्स पंडितांची भाषा काढून टाकून शेतकऱ्याच्या तोंडची भाषा आणू पाहत होते. लॅटिन ही इंग्रजीची संस्कृत. तिलाच ते दाराबाहेर काढत होते. मराठी भाषाशुद्धीने फारसी-अरबी आणि इंग्रजी काढली आणि त्या जागी पंडितांची भाषा आणून बसवली. बार्न्सची कसोटी मराठीला लावायची तर ‘दिग्दर्शक’ आणि ‘महापौर’ दोघांनाही बाहेर जावे लागेल. आत राहतील ते ‘थांबा’, ‘उतारा’, ‘घसारा’ असले देशी धातूंतून निघालेले शब्द. असा खरा ‘मराठी अँग्लिश’ कोणा शुद्धिवाद्याने केला नाही. तो गिरण्यांत, बस आगारांत, हिशेबाच्या चोपड्यांत आपोआप होत गेला आणि त्याचे श्रेय कोणाच्याच नावावर जमा नाही.

परंपरा मात्र जुनी आणि राजमान्य आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्याभिषेकानंतरच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ झाला. दरबारातल्या फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द देणे हे त्याचे काम. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. इतिहासाने या यादीशी मजेदार खेळ केला. ‘पेशवा’ हा फारसी शब्द पुढची शंभर वर्षे पुण्यात राज्य करत राहिला आणि ‘सचिव’ त्या मानाने बाजूलाच राहिला. मग विसाव्या शतकात तो उठला आणि थेट नरिमन पॉइंटजवळ जाऊन बसला. आजच्या मंत्रालयाची इमारत १९५५ मध्ये झाली तेव्हा तिचे नावच सचिवालय होते. घडवलेला शब्द हरला असे घाईने ठरवू नये, एवढे यावरून दिसते. तो अडीच-पावणेतीनशे वर्षे वाट पाहू शकतो.

सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत भाषाशुद्धीची चळवळ सुरू केली. पुढे ते दादरला शिवाजी पार्कजवळ राहायला आले आणि १९३८ साली मुंबईतच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी माधव जूलियनांचे ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक आले. हे माधव जूलियन म्हणजे फारसीचे प्राध्यापक, १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश करणारे, मराठीत गझल रुजवणारे. फारसीचा एवढा रसिक शुद्धीच्या बाजूला गेला आणि आपल्याच जुन्या कवितांतले फारसी शब्द वेचून काढू लागला. मराठी वाङ्मयातल्या विलक्षण घरवापस्यांपैकी ही एक. त्या कवितांचे त्याने भले झाले असे मात्र म्हणवत नाही.

सावरकरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या शब्दांची यादी दर वर्षी थोडी लांबते. चित्रपट, बोलपट, दिग्दर्शक, संकलन, नेपथ्य, मध्यंतर, महापौर, हुतात्मा, दूरध्वनी, प्राचार्य. यातले काही त्यांनी नव्याने जुळवले आणि काही संस्कृतात आधीच होते, त्यांना त्यांनी किंवा त्यांच्या काळाने नवी नोकरी दिली. ‘नेपथ्य’चेच पाहावे. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे वेशभूषा, आणि नट वेश चढवतात ती पडद्यामागची जागा. गिरगावच्या साहित्य संघात किंवा दादरच्या शिवाजी मंदिरात आज नेपथ्य म्हणजे रंगमंचावर उभा केलेला दिवाणखाना. जो शब्द पडद्यामागे होता तो पडद्यापुढे आला. भरतमुनी नाट्यगृहात येऊन बसले तर जाहिरात वाचून गोंधळतील, पण एकाही प्रेक्षकाचे अडत नाही. मूळ अर्थाशी इमान राखणे ही शब्द टिकण्याची अट नाही, याचा याहून चांगला पुरावा शोधायला नको.

चित्रपटाचे शब्द टिकले कसे? मुंबईत या धंद्याचा जन्म याच भागातला. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला बनवला आणि ३ मे १९१३ पासून तो गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. बोलपटांच्या पडद्यावर श्रेयनामावली असे. तिथे प्रत्येक खेळाला, प्रत्येक गावात, हजारो डोळ्यांसमोर ‘दिग्दर्शन’ आणि ‘संकलन’ झळकत राहिले. शब्दाला दुसरे काय हवे असते? सेटवर मात्र आजही ‘मेकअप’ होतो, ‘एडिट’ चालते आणि संध्याकाळी ‘पॅकअप’ होते. रंगभूषा, वेशभूषा, छायालेखन ही पडद्यावर आणि पुरस्काराच्या व्यासपीठावर नेसायची वस्त्रे आहेत. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. प्रत्येक भाषेत लिहायचे आणि बोलायचे शब्द वेगळे असतात. मराठीत त्यांच्यातली दरी जरा रुंद आहे इतकेच.

‘महापौर’ची गोष्ट याच जातीची. मुंबई महापालिकेच्या अध्यक्षाला १९३१ पासून मेयर म्हणू लागले. ‘पौर’ म्हणजे पुरातला नागरिक, त्यांच्यातला मोठा तो महापौर. शब्द देखणा आहे, बोलायला भारदस्त आहे आणि मेयरपेक्षा फक्त एका अक्षराने लांब आहे. शिवाजी पार्कसमोरचा महापौर बंगला, सभागृहातली खुर्ची, गाडीवरची पाटी, लग्नपत्रिकेतली ‘प्रमुख उपस्थिती’ अशा बसायला जागा त्याला मिळत गेल्या.

जर्मनीत हेच घडले, फक्त अधिक शिस्तीने. पोस्टखात्याचे प्रमुख हाइन्रिख फॉन श्टेफान यांनी १८७४ मध्ये सुमारे ७६० परकीय संज्ञांना जर्मन पर्याय दिले. काही वर्षांनी ओटो सारात्सिन यांनी रेल्वेत तेच केले. फ्रेंच ‘पेरॉन’च्या जागी ‘बानश्टाइग’, ‘बिलेट’च्या जागी ‘फारकार्टे’, ‘कुपे’च्या जागी ‘आबटाइल’. आज हे शब्द जर्मनांना जन्मजात वाटतात, कारण ते तिकिटावर, डब्यावर, स्थानकावर छापलेले होते आणि गाडी पकडायची तर ते वाचावेच लागत. तीच भाषा बोलणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये ते फर्मान पोचले नाही. तिथे लोक अजून ‘पेरॉन’वर उभे राहतात आणि ‘बिलेट’ काढतात. शब्दांच्या गुणवत्तेचा यात काही संबंध नाही. छापखाना कोणाच्या हातात होता, हाच काय तो फरक.

तरीही छापखाना सगळे जिंकू शकत नाही. टेलिफोनसाठी जर्मन सरकारने ‘फेर्नश्प्रेशर’, म्हणजे दूर-बोलका, आणला. काही दशके तो खांबांवर आणि पुस्तिकांत होता, शेवटी ‘टेलेफोन’ने त्याला खाल्ले. त्याच साच्यातला टीव्हीचा ‘फेर्नझेहेन’, दूर-पाहणे, मात्र भक्कम टिकला. मराठीत अगदी हीच जोडी आहे: दूरध्वनी आणि दूरदर्शन. दूरध्वनी लेटरहेडवर उरला आणि घराघरांत फोन खणखणला. दूरदर्शनचे नशीब आणखी चमत्कारिक. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, शब्द सर्वांच्या तोंडी बसला, पण तो एका संस्थेचे नाव म्हणून. मग खासगी वाहिन्या आल्या तेव्हा ‘दूरदर्शनवर स्टार’ म्हणता येईना. टीव्ही या वस्तूसाठी ‘दूरचित्रवाणी’ हा सहा अक्षरी शब्द पुढे करावा लागला. तो बातम्यांबाहेर कोणी उच्चारल्याचे ऐकिवात नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा घडवणे हे सरकारचे काम झाले. १९६० च्या जुलैत भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ आला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. पदनाम कोशाची ‘बदनाम कोश’ म्हणून भरपूर टवाळी झाली. साठ वर्षांनंतर मागे वळून पाहता ती टवाळी निम्मी अन्यायाची वाटते. आयुक्त, संचालक, अभियंता, जिल्हाधिकारी या शब्दांना आज कोणी हसत नाही. खेड्यातला माणूससुद्धा ‘आयुक्तांकडे अर्ज केला’ म्हणतो. ज्या पदाकडे लोकांचे काम अडते त्याचे नाव लोक शिकतात.

उरलेल्या निम्म्यात खरा दोष आहे, आणि तो कारागिरीचा आहे. समित्यांनी संस्कृत उपसर्गांवर फार भिस्त ठेवली. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा एक धातू घेतला, की निरीक्षक, परीक्षक, अधीक्षक, समीक्षक, पर्यवेक्षक अशी रांग लागते. कागदावर ही पद्धत सुंदर आहे. एकाच धातूपासून पाच हुद्दे, नियमाने, तर्काने. जर्मनही असेच करते: ‘श्टेहेन’ म्हणजे उभे राहणे, त्याला उपसर्ग लावून समजणे, उद्भवणे, उत्तीर्ण होणे असे भिन्न अर्थ निघतात. पण जर्मन मुलाला ते उपसर्ग आईच्या बोलण्यातून मिळतात. मराठी मुलाच्या घरात ‘अधि’, ‘परि’, ‘अव’ यांचे स्वतंत्र वास्तव्य नाही. ती शाळेत भेटणारी पाहुणे मंडळी. त्यामुळे कोण कोणाच्या वर, पर्यवेक्षक की अधीक्षक, हे शब्दावरून कळत नाही, पगारपत्रकावरूनच कळते. ‘अवर सचिव’मधला ‘अवर’ म्हणजे खालचा, हे ठाऊक नसलेले कित्येक जण त्याला ‘आमचे’ या अर्थाचा इंग्रजी शब्द समजले असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

परळला याची रोज परीक्षा होते. केईएम रुग्णालय १९२६ पासून आणि टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून या भागात आहे. तिथे येणारा रुग्ण कोल्हापूरहून आलेला असो की लालबागहून, पाटीवर ‘बाह्यरुग्ण विभाग’ वाचतो आणि रांगेतल्या माणसाला ‘ओपीडी कुठे?’ विचारतो. या क्षेत्रात घडवलेल्या शब्दांपैकी सर्वांत हुशार शब्द ‘क्ष-किरण’. रोंटगेननी अज्ञात म्हणून एक्स अक्षर दिले. मराठी बीजगणितात अज्ञाताला ‘क्ष’ म्हणतात. भाषांतर अक्षराचे झाले आणि अर्थाचेही. एवढी नेमकी जुळणी क्वचितच होते. पण कामगाराच्या तोंडी तो बसला नाही. त्याने सरळ ‘छातीचा फोटो काढला’ म्हटले. फोटो परका आणि सांगितलेली गोष्ट बरोबर.

विज्ञानाच्या शब्दांत एका ठिकाणी मराठीने जर्मनवर मात केली आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्होआझियेला वाटले की ऑक्सिजनशिवाय आम्ल होत नाही, म्हणून त्याने ग्रीकमधून ‘आम्ल करणारा’ अशा अर्थाचे नाव बांधले. जर्मनांनी त्याचे इमानदार भाषांतर केले: ‘झाउअरश्टोफ’, आंबट द्रव्य. पुढे कळले की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन मुळीच नसतो. चूक दुरुस्त झाली, शब्द राहिला आणि अँडरसनच्या ‘सावरस्टफ’मध्येही तो तसाच उतरला. मराठीत ज्याने ‘प्राणवायू’ म्हटले त्याने मूळ शब्द फोडत न बसता वायूचे काम पाहिले. खतांच्या पिशव्यांवरचे ‘नत्र, स्फुरद, पालाश’ हे त्रिकूटही असेच भाग्यवान. रसायनशास्त्राच्या वर्गात नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम आले तरी शेतकऱ्याच्या हिशेबात हे तीन शब्द ठाम आहेत. अंधारात स्फुरणारा तो स्फुरद, हे त्याला माहीत असण्याची गरज नाही. पिशवीवर छापलेले आहे, दुकानदार म्हणतो, कृषी सहायक म्हणतो.

विज्ञानकथेनेही हातभार लावला. मुंबईत १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. कृष्णविवर हा ‘ब्लॅक होल’चा शब्दशः अनुवाद. पण कथेच्या शीर्षकात बसल्याने तो परिभाषेच्या कोशाबाहेर पडला. एका कथेने परिभाषेच्या एका समितीइतके काम केले.

आता गिरणगाव. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. यंत्रे इंग्लंडातून आली आणि त्यांच्याबरोबर लँकेशायरच्या कामगारांची जर्मानिक मुळांची बोली आली. ‘लूम’, ‘वार्प’, ‘वेफ्ट’, ‘स्पिंडल’ हे सगळे अस्सल जुन्या इंग्रजीतले घरगुती शब्द. सूतकताईच्या ‘थ्रॉसल’ यंत्राला तर एका गाणाऱ्या पक्ष्याचे नाव. चालताना ते तसे गुणगुणत असे म्हणून. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसाने हे सारे ऐकले आणि कोणतीही समिती न नेमता निवाडा केला. लूमला ‘साचा’, स्पिंडलला ‘चाती’, वार्प-वेफ्टला ‘ताणा-बाणा’, कारण या वस्तू त्याच्या गावच्या कोष्ट्याकडे होत्या. ‘बॉबिन’ आणि ‘जॉबर’ तसेच ठेवले, कारण त्या नव्हत्या. शिफ्टला ‘पाळी’, गैरहजेरीला ‘खाडा’, सायरनला ‘भोंगा’, डिपार्टमेंटला ‘खाते’. ‘बदली’ अरबी आहे आणि ‘कामगार’च्या शेपटीला फारसी ‘गार’ आहे. परळच्या कामगार मैदानावर भाषणे ऐकणाऱ्या एकालाही ते टोचले नाही. शुद्धीच्या नियमाने तिथे ‘श्रमिक’ मैदान व्हायला हवे होते.

या शब्दांची ताकद त्यांच्या पुनर्जन्मात दिसते. ‘संप’ म्हणजे मुळात एकी, सलोखा. गुजरातीत आजही तोच अर्थ आहे. मुंबईत एकीने काम थांबवले म्हणून संप झाला आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर त्या शब्दात एक वेगळेच वजन आले. मालकाने फाटक बंद केले की ‘टाळेबंदी’. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, शब्द अडगळीत जाणार असे वाटत असताना मार्च २०२० मध्ये देशभर लॉकडाउन लागला आणि मराठी वर्तमानपत्रांनी लालबागचीच ‘टाळेबंदी’ बाहेर काढली. २०२२ मध्ये शिवाजी पार्कच्या सभेतून मशिदींवरच्या ध्वनिक्षेपकांचा वाद पेटला, तेव्हाही ‘ध्वनिक्षेपक’ कोणी म्हटले नाही, ‘भोंगे’ म्हटले. गिरणीचा भोंगा ज्यांनी कधी ऐकला नाही त्या मुलांनीही. कोशातला शब्द हाताशी तयार होता, तरी राजकारणाला गिरणीचाच हवा झाला.

असाच कस बसच्या आणि हिशेबाच्या शब्दांत आहे. बेस्टच्या खांबावरचा ‘थांबा’ बार्न्सच्या फोकवेनला जे जमले नाही ते सहज करून बसला आहे. ‘थांब’ हा देशी धातू, त्याला आकार लावला, झाले. जमाखर्चात घासून कमी होते तो ‘घसारा’, परत येतो तो ‘परतावा’, भरायचा तो ‘भरणा’. हे ‘आवा’, ‘आरा’, ‘णा’ प्रत्यय मराठी मुलाला झोपेतही कळतात: मेळावा, देखावा, सुगावा, आढावा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचा धातुकोश १९३७ मध्येच छापला गेला, शेकडो धातू त्यात तयार पडले आहेत. परिभाषा समित्यांनी त्याकडे जवळजवळ पाहिलेच नाही. संगणकाच्या काळात काही हौशी मंडळींनी पाहिले आणि ‘क्लिक’ला ‘टिचकी’, ‘लिंक’ला ‘दुवा’, ‘कीबोर्ड’ला ‘कळफलक’ मिळाला. टिचकी हा गेल्या पंचवीस वर्षांतला सर्वांत खेळकर मराठी शब्द म्हणता येईल. दुर्दैवाने तो संकेतस्थळांपुरता राहिला. फोनच्या पडद्यावर बोट आले आणि टिचकीचे कामच गेले.

संस्कृत नको, देशी हवे, असा उलटा शुद्धिवाद मात्र यातून काढू नये. लालबागच्या राजाच्या मंडळात (स्थापना १९३४) नवसाची एक रांग आणि ‘मुखदर्शना’ची दुसरी असते. मुखदर्शन हा चोख तत्सम समास, आणि तासन्‌तास उभे राहणारी, कोणताही कोश न उघडलेली माणसे तो सहज वापरतात. ‘हुतात्मा’चेही तसेच. २१ नोव्हेंबर १९५५ ला आणि नंतर फ्लोरा फाउंटनच्या परिसरात गोळीबार झाला, माणसे पडली, चौकाला हुतात्मा चौक नाव मिळाले. त्या शब्दाची फोड विचारण्याची वेळ कोणावर आली नाही. आयसलँडिकसारखी देशी शब्दांवर जगणारी भाषासुद्धा सावधच असते: टेलिफोनला त्यांनी ‘सीमी’ म्हणजे जुन्या काळचा धागा हा विसरलेला शब्द दिला, संगणकाला ‘टोल्वा’ म्हणजे आकडा आणि भविष्य सांगणारी बाई यांची जोड. एक जुने, एक जुळवलेले, दोन्ही आखूड. आणि श्लायर या जर्मन पाद्र्याने १८७९ च्या सुमारास रचलेल्या ‘व्होलाप्यूक’ या कृत्रिम जागतिक भाषेचे काय झाले तेही पाहावे. इंग्रजी-जर्मन शब्द घेऊन त्याने ते इतके तासले, की ‘रोझ’चे ‘लोल’ झाले आणि मुळातल्या भाषिकांनाही आपला शब्द ओळखू येईना. ‘फलाट’ तासला गेला तरी ओळखू येतो, कारण तो तासणाऱ्यालाच तो रोज वापरायचा होता.

आजची अवस्था अशी, की शब्द पुष्कळ निघतात पण त्यांना नोकरी देणाऱ्या जागा कमी झाल्या आहेत. पूर्वी श्रेयनामावली, तिकीट, खताची पिशवी, वर्तमानपत्राचा मथळा मराठी माणसाच्या हातात होता. आता शब्द फोनच्या मेनूत जन्मतात आणि तो मेनू मराठीत असला तरी उघडणारे थोडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याने जुन्या ग्रंथांची सोय होईल, मेनूची होईल असे दिसत नाही. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ मथळ्यांत रुळली, कारण संपादकांनी ती एकमताने उचलली. ‘डेटा’साठी ‘विदा’ आहे, आखूडही आहे, पण संपादकच बिचकतात. आणि त्या यंत्राला जी आज्ञा लिहायची तिला सगळे ‘प्रॉम्प्ट’च म्हणतात. सूचना, पृच्छा, आदेश असे प्रस्ताव येतील. पण गिरगावच्या रंगभूमीवर विंगेत उभे राहून नटाला विसरलेले वाक्य पुरवणारा माणूस कित्येक पिढ्या ‘प्रॉम्प्टर’च होता. नेपथ्यापासून प्रकाशयोजनेपर्यंत सगळ्याला शब्द शोधणाऱ्या नाटकवाल्यांत त्याच्यासाठी मात्र मराठी नाव रुळले नाही.